सर्वकामाची जोडी

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी धावजी राठोडाच्या अंगणात बाजेवर सहा फळ्या पडल्या होत्या. लांब, चापट, टोकाशी वळलेल्या. धावजी त्यांच्याभोवती फिरत होता. चाळीस वर्षं तो विकाऊ बैलाभोवती जसा फिरत आला होता, अगदी तसाच. आधी लांबून. हात मागं. तोंडातून शब्द नाही.

जमनी चुलीपुढून बोलली, "सफरचंदाच्या ट्रकात बसून आलं पोरगं. सफरचंदं आनले दोन न फळ्या आनल्या सहा. चाला, न्हानीले दार तरी होईन."

"काकी, त्याले स्की म्हन्तेत," भारत म्हणाला. "दोन-दोनची जोडी असते. बर्फावर पायात घालून घसराच्या."

"आनिक घरून निंगून हजार कोस घसराले गेल्ता तू?"

भारत हसला. तो धावजीच्या मेलेल्या भावाचा पोरगा, जमनीच्याच हातच्या भाकरीवर वाढलेला. सहा वर्षांपूर्वी दारव्ह्याच्या जिनिंगमधून कापसाच्या गठाणी घेऊन लुधियान्याला जाणाऱ्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. त्याच साली इकडं कापसाचं सगळंच बसलं. गठाणी कमी झाल्या, ट्रकवाल्यानं कुल्लूच्या सफरचंदाचा धंदा धरला आणि भारत त्याच्यासोबत वर गेला तो सोलंगच्या एका स्कीच्या दुकानात टिकला. हिवाळाभर तिथं पर्यटकांच्या पायात बूट चढवायचे, फळ्यांना मेण लावायचं, धार करायची. पेरणीला घरी. पर्यटक परतले की उरल्या उजेडात स्वतः घसरायचा. आता गत अशी होती की दुकानातल्या मास्तरांपेक्षा बरं त्यालाच जमत होतं, पण मास्तर व्हायला परीक्षा लागते.

ती त्यानं गेल्या फेब्रुवारीत दिली आणि नापास झाला. परीक्षा चार दिवसांची. चार दिवस चार तऱ्हेचा बर्फ आणि पायात एकच जोडी. त्यानं मागून आणलेली जोडी सकाळच्या टणक बर्फावर झकास पळाली, नव्या पडलेल्या बर्फात रुतली, आणि शेवटच्या दिवशी उडी मारून पाठमोरं उतरायचं आलं तेव्हा तिचं मागचं टोक सपाट निघालं. ते बर्फात घुसलं आणि भारत सगळ्यांसमोर कोलांटला. दुकानाच्या मालकानं सांगून ठेवलं होतं, दुकानाकडून एकाच पोराचं नाव जातं, यंदा तुझं धाडतो, पुन्हा पडलास तर पुढच्या साली दुसऱ्याचं. परदेशी लोक सोडून गेलेल्या तीन जोड्या त्यानं भारतपुढं टाकल्या आणि म्हणाला, एक तुझी. निवड.

"न मले निवडता येत नाही काका," भारत म्हणाला. "दुकानातले चार जन चार गोष्टी सांगतेत. म्हनून तिन्ही घेऊन आलो. तुम्ही पाहा."

धावजी थांबला. दोन हंगाम झाले, त्याला कोणी 'पाहा' म्हणालं नव्हतं.

त्याच्या बोरमाळ तांड्यापासून दारव्ह्यापर्यंत, आणि पलीकडं दिग्रसच्या अंगालाही, बैल घ्यायचा तर धावजीला सोबत न्यायची रीत होती. कुणबी असो, तांड्यातला गोरमाटी असो, बौद्धवाड्यातला असो, धावजीनं मान हलवली की दावं सोडायचं. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत मुलूखभर फिरले. त्यांच्याकडून पोटापुरतं शहाणपण त्याच्या बोटांत उतरलं होतं. पण या सालांत बोलावणं आलंच तर बैल विकायला यायचं. घेणाऱ्याला किंमत समजावून सांग म्हणायचे. ते काम धावजी करायचा नाही. डोकं दुखतं म्हणून सांगायचा आणि खरंच घरी येऊन डोकं बांधून पडायचा.

"राखुंडी आन," तो जमनीला म्हणाला.

जमनीला कळलं. बैल पाहताना धावजी आधी झूल उतरवायला लावी, घुंगरं सोडायला लावी, शिंगांचं तेल पुसायला लावी. तिनं चुलीतली राख पाण्यात कालवली आणि सहाही फळ्यांना वरून चोपडली. एका जोडीवर आगीच्या जाळाचं चित्र होतं, लाल-पिवळं, बघतच राहावं असं. भारतचा जीव त्या जोडीवर होता. तो जाळ राखेखाली गेला तेव्हा त्याचं तोंड उतरलं.

"आता सांग. सकाळचा बर्फ कसा रायते?"

"रातभर गोठते. काचच समजा. धार नाही रोवली त मानूस सीधा खाली."

"म्हंजे मुरमाड उतार, वरतून दवानं ओला. न नवा पडला का मंग?"

"मांडीपरेंत रुतते. पाय टाकला का गायब."

"ताजी नांगरलेली काळी. दुपारी?"

"उन्हानं पानी सुटते. जड होते, पायाले चिकटते."

"झडीतला गारा. अन् चौथा दिवस?"

"चौथ्या दिवशी पार्क. म्हंजे बाग नोय काका. बर्फाचेच उंचवटे करतेत, लोखंडी नळ्या मांडतेत. त्याहिच्यावरून घसराचं, उडी घ्याची, हवेत फिराचं, उलटं उतराचं."

"कायले?"

"कायले म्हंजे? मजा."

धावजीच्या मिशा हलल्या. "शंकरपट म्हन न सरळ! म्हंजे वखरालेबी तेच, बंडीलेबी तेच न पटातबी तेच. तुले सर्वकामाची जोडी पाह्यजे."

सर्वकामाची जोडी हा त्याचा आवडता विषय. पटाचा, म्हणजे शर्यतीचा बैल वखराला जुपला की जीव सोडतो आणि वखराचा बैल पटात उतरवला की लोक हसतात. दोन्हीकडं चालेल अशी जोडी धावजीनं जन्मात पाच-सहाच निवडल्या होत्या आणि त्यांची नावं त्याला नातवांच्या नावांआधी आठवत.

त्यानं फळ्या एकेक करून उभ्या केल्या, टोक मातीत रोवलं, मधल्या कमानीवर तळवा ठेवून भार दिला. पहिली जोडी चांगली वीतभर रुंद होती.

"कना जाड हाये. रुतनार नाही हे. पन मान जड. वळवाले गेलं का म्हनन, थांब, इचार करून सांगतो."

दुसरी आखूड आणि मऊ होती, दोन्ही टोकं वर. दाबली की धनुष्यासारखी वाकायची.

"हे वासरू. उड्या मारन दिवसभर. बंडीले जुपलं का बसन."

तिसरी मध्यम. रुंदी मधली, दोन्ही टोकं वर वळलेली. बाजूला टवका उडालेला, तळाला काळं ठिगळ. धावजीनं दाबलं, सोडलं. परत दाबलं.

"हे दबते," तो हळूच म्हणाला, "पन मुकाट्यानं वापस येते."

"काका, तिले ठिगळ हाये."

"पक्कं हाये का?"

"पक्कं हाये. मीच लावलं."

"मंग कोनाले भेतं तू? अंगनात पाहून मी आजपरेंत बैल घेतला नाही. चालवून पाहू."

बर्फ कुठून आणायचा, हे भारतला विचारायचं होतं. पण धावजीनं फळ्यांची मोळी बांधून खांद्यावर टाकली होती आणि तो काळीपिवळी जीपच्या थांब्याकडं निघालाही होता.

दारव्ह्याच्या जिनिंगवर नागोराव चौकीदार होता. तो बौद्धवाड्यातला. धावजीच्या कापसाच्या बंड्या या फाटकातून पहिल्यांदा आत आल्या तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. तेव्हा बंड्यांची रांग पार सडकेपर्यंत लागायची आणि नागोरावाचा घसा ओरडून बसायचा. आता जिनिंग आठवड्यातून तीन दिवस चालायचं आणि नागोरावाला बोलायला माणूस मिळत नव्हता.

"जय भीम, नागोराव."

"राम राम, धावजी. हे काय? तिरडीचं सामान घेऊन फिरून राह्यला का?"

धावजीनं सगळं सांगितलं. नागोरावानं भारतकडं पाहिलं, आत पाहिलं. आवारात कापसाचा ढीग होता, त्यामागं सरकीचा ढीग गोदामाच्या पन्हाळीला टेकलेला. बंड्या रिकाम्या करायचा सिमेंटचा उतार वेगळा.

"मालक नागपूरले गेला हाये," नागोराव म्हणाला. "एक घंटा देतो. सरकी पांगली त झाडू तुह्या काकानं माराचा."

मग जे झालं ते दारव्ह्यात त्याआधी झालं नव्हतं. सरकी भरायला आलेल्या बाया टोपली खाली ठेवून उभ्या राहिल्या. भारत पायात सोबत आणलेले अवजड बूट घालून, रुंद जोडी अडकवून कापसाच्या ढिगावर चढला आणि उतरला. जोडी कापसावर तरंगली. बाया "अगं माय!" म्हणाल्या. पण सरकीवर तीच जोडी वळायचं नावच घेईना. सरळ गेली आणि भारत गठाणींच्या थप्पीवर जाऊन चिकटला.

"ओ भाऊ," एक बाई ओरडली, "जरा आवरा, नाहीत सरकीसंगं तेलघानीत जासान!"

मऊ जोडी सरकीवर छान नाचली. तिच्यावरून भारतनं एका गठाणीवरून उडीही मारली. बायांनी टाळ्या पिटल्या. मग धावजीनं सिमेंटच्या उतारावर नागोरावाकडून दोन बादल्या पाणी ओतून घेतलं आणि भारतला वर चढवलं. मऊ जोडी तिथं थरथरली, एक इकडं गेली, एक तिकडं, आणि भारत पाठीवर.

"वासरू," धावजी म्हणाला.

शेवटी ठिगळाची. कापसावर ती थोडी दबली, पण निघाली. सरकीवर वळली. ओल्या सिमेंटवर खरखर वाजली, तरी सोबत राहिली. गठाणीवरून उडी झाली, पाठमोरी उतरली. बायांनी टाळ्या काही वाजवल्या नाहीत. कशातच तिचा पहिला नंबर नव्हता.

"पन बसली नाही कुठंच," धावजी म्हणाला. "हेच."

भारत धापा टाकत होता. जाळाच्या चित्राची ती रुंद जोडी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावरची राख कापसानं पुसून गेली होती आणि लाल-पिवळा जाळ पुन्हा वर आला होता. "काका, नवा बर्फ पडला त त्या जोडीवर मी सगळ्यांच्या पुढं असन."

"न नाही पडला त?"

भारत वाकून बुटाचा पट्टा सोडायला लागला.

"चार दिवसाची परीक्षा हाये न? एक दिवसाचा राजा तुले कायले पाह्यजे?"

पांगलेली सरकी धावजीनंच झाडली. नागोराव खुर्ची टाकून, चहा पीत, कुठं राहिली ते बोटानं दाखवत होता.

घरी आल्यावर धावजीनं निवडलेल्या जोडीतली एकेक फळी पुन्हा दाबून पाहिली. एक केसभर कडक लागली. त्यानं विळ्याच्या टोकानं तिच्यावर एक रेघ ओढली आणि दुसरीवर दोन.

"हा उजवा. हा डावा. जू बदलाचं नाही. काही झालं तरी नाही."

जोडीतला उजवा बैल उजवीकडंच आणि डावा डावीकडंच चालतो. बाजू बदलली की तो बावरतो. धावजीला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. चौदाव्या वर्षी त्यानं घाईत बापाची जोडी उलटी जुपली होती. नाल्याच्या उतारावर बंडी कलंडली आणि डोंगऱ्या बैलाचा पाय मोडला. बापानं त्याला मारलं नाही. तीन दिवस बैलाजवळ बसून राहिला फक्त.

स्कीला उजवं-डावं नसतं, हे भारतला ठाऊक होतं. सांगायला त्यानं तोंडही उघडलं. पण काका त्या रेघांवरून अंगठा फिरवत होता. दोन सालांनी त्याच्या चेहऱ्यावर अशी कळा आली होती. भारतनं तोंड मिटलं.

जानेवारीच्या शेवटी भर दुपारी तांड्याचा नायक उत्तमसिंग याच्या घरचा फोन वाजला. तांड्यात तेव्हा फोन तेवढाच. पोरगं धावत धावजीला बोलवायला आलं.

"काका, जोडी सरकून राह्यली," भारतचा आवाज लांबून आला. "सकाळच्या टनक बर्फावर धरतच नाही. कालपासून चार खेपा पडलो."

"काहून? चांगली त होती."

"आतली धार बोथट झाली. दोन्हीची. वळताना सारा भार आतल्याच धारेवर येते. बाहेरची कोरी करकरीत हाये."

"मंग कानस मार."

"मारली. आता कानशीपुरतं पोलादच उरलं नाही. ह्या जोडीनं माह्या आंधी लय काम केलं हाये."

"बाकीचे पोरं काय करतेत?"

"ते अदलाबदल करतेत काका. उजवी डाव्या पायात घालतेत. मंग बाहेरची धार आत येते. नवी जोडी घेतल्यासारकं होते."

"न तू?"

"मी नाही केली."

"काहून?"

"तुम्ही म्हनलं होतं."

धावजीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. परीक्षेला वीस दिवस राहिले होते. पोरगं दोन महिने त्या काचेवर जात होतं, कालपासून पडत होतं, दुकानातली पोरं हसत असतील, आणि एवढं सगळं दोन रेघांपायी. आधी त्याला भारतचाच राग आला. ठाऊक होतं तर सांगायचं. मग आठवलं, सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. आपल्याला दिसलं होतं. आपणच विचारलं नाही.

नायक बाजूला सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला.

"अरे येड्या," धावजी म्हणाला, "बैलाले कळते, बाजूले कोन चालून राह्यला ते. फळीले का कळते?"

"मंग बदलू?"

"बदल. आजच बदल. न आयक, माह्यं चुकलं. मी फळीले बैल समजलो."

"तुमचं नाही चुकलं, काका. जोडी तुम्ही बराबर..."

"चुकलं म्हन्तो त चुकलं! जोडी बराबर हाये, जू चुकलं. मोठ्या मानसाचं आयकाचं, पन पडेपरेंत आयकाचं नसते रे छोरा. ठेव आता. तुह्ये पैसे चालले."

घरापर्यंत पोचायच्या आत बातमी जमनीपर्यंत पोचली होती. धावजीनं चूक कबूल केली, तीही नायकाच्या ओट्यावर, मोठ्यानं! जमनी दारात कमरेवर हात देऊन उभी.

"माह्या लग्नाले बेचाळीस वर्सं झाले," ती म्हणाली. "मी एकडाव बी नाही आयकलं. पुन्यांदा म्हना न."

"भाकर वाढ."

"भाकर वाढतो, पन आंधी म्हना."

तिला हसू आवरेना. धावजी मान खाली घालून जेवला. जेवताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "बोलला असता पोरगा त मी काय खाल्लं असतं का त्याले?" जमनीनं त्याच्या ताटात चटणी वाढली.

परीक्षेचे चार दिवस आले तेव्हा तुरी निघाल्या होत्या आणि झाडांवर उरलासुरला कापूस वेचणं चालू होतं. भारतनं सांगितलं होतं, शेवटच्या दिवशीच फोन करीन, रोज नाही. पहिल्या दिवशी धावजी उठल्याबरोबर अंगणात उभा राहून आभाळ बघत होता, जणू इकडच्या आभाळावरून तिकडचा बर्फ कळणार होता. दुसऱ्या दिवशी त्यानं गोठा दोनदा झाडला. तिसऱ्या दिवशी नागोराव दारव्ह्याहून आला. मालकाला सरकीच्या ढिगात एक बुटाचा पट्टा सापडला म्हणे, आणि तो अजून विचारतो आहे. दोघं त्यावर हसले. मग नागोरावानंच विचारलं, "निवडीत काही कमी त नाही राह्यली न, धावजी?"

"जोडीत कमी नाही," धावजी म्हणाला. "पन परीक्षा जोडीची नाही न. पोराची हाये."

चौथ्या दिवशी तो दुपारपासून नायकाच्या ओट्यावर बसला. वेचणी टाकून जमनीही आली. फोन वाजला तेव्हा उन्हं कलली होती. नायकानं उचलला आणि धावजीच्या हातात दिला.

"काका! पयल्या दिवशी काचच होती. धार धरली. एकडाव बी नाही सरकलो. दुसऱ्या दिवशी रातभर बर्फ पडला होता, त त्या जाळवाल्या जोडीवर, मालकानं मंग दुसऱ्या दुकानाले इकली ते, एक पोरगं माह्या पुढून पाखरासारकं गेलं. लय जीव जळला. माही जोडी रुतत-रुतत निंगाली, पन निंगाली. काल चिखल होता, त्यात ते पाखरू बसलं. आज पार्क. पयली उडी फसली. पाठमोरा उतरलो न बसलोच खाली. दोन मोके रायतेत. दुसऱ्याले..."

धावजी डोळे मिटून ऐकत होता. त्याचा रिकामा हात गुडघ्यावर दाबत होता, सोडत होता.

जमनीला राहवलं नाही, तिनं फोनपाशी तोंड नेलं. "पास का नापास तेवढं सांग रे! रामायन मंग सांगजो!"

"पास, काकी! नाव वाचलं आताच. भारत राठोड, यवतमाळ. मास्तर झालो मी!"

जमनीनं पदर तोंडाला लावला. नायकानं घरात गूळ आणायला सांगितलं. धावजीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बरं झालं. लय बरं झालं. जोडी कशी हाये?"

"जोडी?"

"धार कुठं घासली, टोकं कुठं खरचटले, पाह्यलं का?"

"एका टोकाले खोक पडली काका. बाकी मस्त."

"आज तिले परत जुपू नको. पुसून सावलीत ठेव. खोक उद्या भर. घाईत भरू नको."

जमनीनं फोन ओढून घेतला. "न तुह्ये हाडं शाबूत हायेत का?"

"गुडघा सुजला जरासा, काकी. काही नाही."

"आयका!" ती धावजीकडं वळली. "पोराचा गुडघा सुजला. न तुम्ही फळीची तब्येत इचारून राह्यले!"

"पोरगं बोलून त राह्यलं न," धावजी म्हणाला. "फळी कुठं बोलते. तिचं मलेच इचारा लागन."